स्थिरांक म्हणजे काय? देवळालीच्या कापरेकर सरांची गोष्ट



आठवीला 'चलन' हे प्रकरण शिकवताना फळ्यावर एक वाक्य हमखास लिहिलं जातं. येथे 'के' हा चलनाचा स्थिरांक आहे. मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळतात. पण एखाद्या दिवशी पुस्तक मिटायला लावून विचारा, की स्थिरांक म्हणजे नक्की काय? उत्तर लगेच येईल, जो बदलत नाही तो. मग पुढचा प्रश्न विचारा. पहिल्या उदाहरणात 'के' ५ होता, दुसऱ्या उदाहरणात १२ झाला. मग तो बदलला की नाही? इथं वर्ग गप्प होतो. आणि खरं सांगायचं तर, हा प्रश्न अचानक आला तर आपणही क्षणभर थांबतो.

आज याच शब्दाबद्दल बोलायचं आहे. पण नुसती व्याख्या देऊन नाही. ज्यांच्या नावाचा एक स्थिरांक जगभर ओळखला जातो, त्या माणसाच्या आयुष्यातून हा शब्द समजून घेऊया. हा माणूस कोणत्या मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. तो तुमच्या-माझ्यासारखा शाळामास्तर होता. त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

आधी शब्द समजून घेऊ

स्थिर + अंक = स्थिरांक. इथला 'अंक' म्हणजे ० ते ९ मधला एक अंक नव्हे. गुणांक, घातांक, क्रमांक, सूचकांक या शब्दांत 'अंक' जसा संख्या या अर्थाने येतो, तसाच इथंही येतो. म्हणून स्थिरांक म्हणजे स्थिर राहणारी संख्या. आता ती कशात स्थिर राहते, हे सांगितल्याशिवाय हा अर्थ पुरा होत नाही. मुलांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

एक साधं उदाहरण घ्या. एका दुकानात वही ३० रुपयांना आहे. दोन वह्यांचे ६०, पाच वह्यांचे १५०. वह्यांची संख्या बदलते, एकूण रक्कम बदलते. दोघांचं गुणोत्तर मात्र ३० च राहतं. हा त्या दुकानापुरता स्थिरांक. शेजारच्या दुकानात वही ३५ ला असेल तर तिथला स्थिरांक ३५. म्हणजे 'के' हा त्या त्या परिस्थितीपुरता स्थिर असतो. हा झाला पहिला प्रकार.

दुसरा प्रकार म्हणजे 'पाय'. बांगडी घ्या, सायकलचं चाक घ्या, नाहीतर विहिरीचा काठ घ्या; परिघाला व्यासाने भागलं की तीच संख्या येते. इथं दुकान बदललं म्हणून स्थिरांक बदलत नाही.

आणि तिसरा प्रकार आहे तो एखाद्या कृतीचा स्थिरांक. एक ठरावीक कृती पुन्हा पुन्हा करत राहा. सुरुवातीची संख्या कोणतीही असू द्या, शेवटी तुम्ही एकाच संख्येवर येऊन पोचता, आणि तिथं पोचल्यावर तीच कृती कितीही वेळा केली तरी तिथंच राहता. कापरेकरांचा स्थिरांक हा या तिसऱ्या प्रकारचा. तो काय आहे ते पुढे पाहूच.

डहाणूचा मुलगा

दत्तात्रेयाचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून होते. आठ वर्षांचा असतानाच आईचं छत्र हरपलं. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. ज्योतिषावर आपला विश्वास असो वा नसो, पण त्या घरात बेरीज-वजाबाकी ही शिक्षा म्हणून येत नव्हती, ती आवडीने केली जात होती. मुलाला संख्यांची गोडी लागली ती तिथेच.

पालकहो, इथं जरा थांबा. या मुलाला कोणी गणिताचा खास क्लास लावला नव्हता. मोठं माणूस घरात बसून मन लावून आकडे मांडतंय, हे त्याला रोज दिसत होतं. पुढे माध्यमिक शिक्षणासाठी तो ठाण्याला गेला. तिथंही गणिती कोडी सोडवत तासन्‌तास बसणं हा त्याचा आवडता उद्योग.

१९२३ साली त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. केंब्रिजला गणितात पहिले आलेले रँग्लर परांजपे या महाविद्यालयाचे अनेक वर्षे प्राचार्य होते. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या गणितातील नव्या कामासाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाई. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळाले. हे पारितोषिक परीक्षेतल्या गुणांसाठी नव्हते, स्वतः शोधून काढलेल्या गणितासाठी होते, हे लक्षात ठेवा. १९२९ मध्ये ते बी.एस्‌सी. झाले.

त्यापुढची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. तीस वर्षांहून अधिक काळ एकच गाव आणि एकच काम.

शिकवून उरलेल्या वेळात

नोकरी शिक्षकाची, पण डोक्यात कायम संख्या. प्रयोगशाळा नाही, मोठं ग्रंथालय नाही, मार्गदर्शक नाही. कागद, पेन्सिल आणि १, २, ३, ४ एवढंच भांडवल. एवढ्यावर त्यांनी जे शोधलं त्याला त्यांनी स्वतः नावंही दिली. ही नावं बघितली की माणूस कळतो.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ १८ घ्या. १ + ८ = ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. १७२९ ही रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली संख्यासुद्धा हर्षद आहे. अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९.

एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ पासून १५ + ६ = २१ मिळते. म्हणजे २१ ला जन्म देणारी संख्या १५. पण २० ला जन्म देणारी अशी कोणतीच संख्या सापडत नाही. अशा संख्यांना त्यांनी 'स्वयंभू' म्हटलं. देवळातल्या स्वयंभू मूर्तीसारख्या, कोणी न घडवलेल्या! या संख्यांना 'देवळाली संख्या' असंही म्हणतात.

४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. अशा संख्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात. आणखी एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' हे नाव दिलं. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या एका रेल्वे स्थानकावर त्यांना ती कल्पना सुचली, म्हणून त्या स्थानकाचंच नाव. ते स्थानक म्हणजे आपलं डोंबिवली, असं सांगितलं जातं.

आपण मुलांना पारिभाषिक शब्द तयार स्वरूपात देतो आणि पाठ करायला सांगतो. पण कोणीतरी आधी काहीतरी पाहिलेलं असतं, त्याला ते आवडलेलं असतं, म्हणून त्याने त्याला नाव दिलेलं असतं. 'हर्षद' या एका शब्दावरून हे मुलांना छान समजावता येतं.

६१७४

आता मुख्य गोष्ट. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी एक निरीक्षण मांडलं. पुढे १९५० च्या दशकात ते 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आलं.

कृती अगदी चौथीच्या मुलालाही जमेल अशी आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करा.

कापरेकरांचं जन्मवर्षच घेऊया, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर कृती करा. ७६४१ − १४६७ = ६१७४. पुन्हा करा, पुन्हा तेच. संख्या हलायलाच तयार नाही. म्हणून ती स्थिर. आणि कोणत्याही संख्येपासून निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथंच येता. वर आपल्याला बरोबर सातच लागल्या, बघा.

वर्गात करून घेताना एक काळजी घ्या. ११२२ सारखी संख्या निर्वेध जाते, पण १११२ घेतली तर २१११ − १११२ = ९९९ येतं. इथं मुलं तीन अंकी संख्या समजून ९९९ − ९९९ = ० करतात आणि नियम चुकला म्हणून ओरडतात. उत्तर ०९९९ असं चार अंकांतच लिहायचं. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. स्थानिक किंमत आणि शून्याचं महत्त्व शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी विचारेल, की सगळ्या संख्यांसाठी हे खरं कशावरून? प्रश्न रास्त आहे. हजारो संख्या तपासायच्या का? गरज नाही. चार अंकांतला सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान हा फरक 'प' माना, मधल्या दोन अंकांचा फरक 'फ' माना. वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९९ × प + ९० × फ एवढंच येतं. १९०५ साठी प = ९, फ = ४; म्हणून ८९९१ + ३६० = ९३५१. जुळलं. आता 'प' हा १ ते ९ आणि 'फ' हा ० पासून 'प' पर्यंतच असू शकतो. अशा जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे पहिल्या पायरीनंतर जगातल्या सगळ्या चार अंकी संख्या ५४ उत्तरांत गोळा होतात. तेवढी तपासली की काम झालं. वर्गात ५४ मुलं असतील तर प्रत्येकाला एक! शिवाय ९९९ आणि ९० दोन्ही ९ च्या पटीतले, म्हणून प्रत्येक उत्तर ९ च्या पटीतच येतं. मुलाची वजाबाकी चुकली की ते तुम्हाला बहुतेक वेळा अंकांच्या बेरजेवरून लगेच कळेल.

स्थिरांक हा शब्द किती जपून वापरायला हवा तेही इथंच दाखवता येतं. तीन अंकी संख्यांवर हीच कृती केली तर ४९५ वर येऊन थांबतो. म्हणजे तिथंही स्थिरांक आहे. पण दोन अंकी संख्यांचं काय? ०९ घ्या. ९० − ०९ = ८१, मग ६३, मग २७, मग ४५, आणि मग पुन्हा ०९. गाडी थांबत नाही, गोल फिरत राहते. इथं स्थिरांक नाही, चक्र आहे. पाच अंकी संख्यांतही तसंच, ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५. म्हणजे कृती केली की स्थिरांक मिळतोच असं नाही. तो आहे की नाही, हे शोधावं लागतं. देवळालीच्या एका शिक्षकाने ते शोधलं.

हसणारे आणि दखल घेणारे

एवढं वाचून वाटेल की त्यांचा मोठा गौरव झाला असेल. तसं झालं नाही. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटलं. काहींनी ते हसण्यावारी नेलं. त्यांचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ६१७४ चं हे वागणं आपण संख्या दशमान पद्धतीत लिहितो यावर अवलंबून आहे. लिहिण्याची पद्धत बदलली तर ६१७४ चं हे खास स्थान राहत नाही. 'पाय'चं तसं नाही, ती संख्या कशीही लिहिली तरी वर्तुळ तेच राहतं. म्हणून अशा गणिताला 'मनोरंजक गणित' म्हणून बाजूला ठेवण्याची पद्धत होती.

पण आक्षेप बरोबर असणं वेगळं आणि माणसाला हसणं वेगळं. कापरेकरांचे काही लेख छोट्या नियतकालिकांत आले. बाकीचे त्यांनी स्वतःच पुस्तिकांच्या रूपात छापले. त्या पुस्तिकांवर प्रकाशकाच्या जागी लेखकाचं स्वतःचंच नाव आणि देवळालीचा पत्ता असे. शिक्षकाच्या पगारातून हा खर्च करायचा म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. पेन्शन तुटपुंजी. अगदी काटकसरीनं राहूनही भागेना, म्हणून उतारवयात त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. ज्यांच्या संख्यांवर परदेशात लोक विचार करत होते, ते नाशिकात पोटासाठी शिकवण्या घेत होते. हे वाचताना वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्यांबद्दल लिहिलं. त्या सदराचे वाचक जगभर होते. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. मद्रासच्या परिषदेला सव्वीस वर्षं होऊन गेली होती. त्यानंतर हे नाव दूरदूर पोचलं. संगणक आल्यावर ६१७४ हा प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचा आवडता अभ्यास झाला. 'हर्षद' हा आपला शब्द इंग्रजी पुस्तकांत जसाच्या तसा वापरला जाऊ लागला. १९८६ साली नाशिकला कापरेकरांचं निधन झालं.

आपल्या वर्गासाठी

परवा माझ्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत वही घेऊन आला. नऊच्या पाढ्यातल्या प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच येते, हे त्याला स्वतःचं स्वतः सापडलं होतं. मला घाई होती. हे सगळ्यांना माहीत असतं, जा, असं मी म्हणणारच होतो. कापरेकर आठवले, म्हणून थांबलो. ९ × ११ चं काय होतं ते बघ, असं सांगितलं. तो ९९ ची बेरीज करून गोंधळला, मग १८ ची पुन्हा बेरीज केली आणि पळत परत आला. त्याला सापडलेली गोष्ट जगाला जुनी होती. त्याच्यासाठी ती त्या दिवशी जन्माला आली होती. हे परीक्षेत येणार आहे का, असं विचारून अशा किती वह्या मी आजवर मिटवल्या असतील, याचा हिशेब मात्र लागत नाही.

तर पुढच्या वेळी 'स्थिरांक' शिकवताना तीन गोष्टी फळ्यावर मांडा. वहीची किंमत हा एका दुकानापुरता स्थिरांक. 'पाय' हा प्रत्येक वर्तुळाचा स्थिरांक. आणि ६१७४ हा एका कृतीचा स्थिरांक. मग मुलांनाच विचारा, प्रत्येक ठिकाणी काय बदलतंय आणि काय बदलत नाहीये? व्याख्या त्यांच्याच तोंडून येईल.

पालकांनी घरी एवढंच करा. मुलाला त्याचं जन्मवर्ष घेऊन ६१७४ पर्यंत जायला सांगा. मग आईचं, आजोबांचं. कोणाला किती पायऱ्या लागल्या ते लिहून ठेवा. एखादं वर्ष सर्व सारख्या अंकांचं असेल तरच ते अडेल, आणि तसं वर्ष अजून जवळजवळ दोनशे वर्षं येत नाही!

जाता जाता एक गंमत. कापरेकरांचं निधन झालं ते १९८६ हे वर्ष घ्या. ९८६१ − १६८९ = ८१७२. आता वर जाऊन १९०५ ची दुसरी पायरी बघा. तिथंही ८१७२ च आहे. म्हणजे सरांचं जन्मवर्ष आणि मृत्युवर्ष ८१७२ पाशी एकमेकांना भेटतात, आणि तिथून पुढे एकाच वाटेने ६१७४ पर्यंत जातात. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात ज्योतिष शोधू नका. पण मुलांना मात्र जरूर दाखवा.